आधी तो शब्द मागे घे

बस. खुर्चीवर नको, ओट्यावर बस, उन्हात. आणि तो मोबाइल पालथा ठेव.

काल सभेहून परतताना जीपमध्ये तू ड्रायव्हरला काय म्हणालास, ते मी मागच्या सीटवरून ऐकलं. ‘अडाणी लोक आहेत, यांना हवामान बदल काय कळणार?’ तेव्हा मी गप्प राहिलो, कारण आपण शिकवलेल्या पोराला परक्यादेखत बोलू नये एवढी रीत मी पाळतो. इथे परकं कुणी नाही. आधी तो शब्द मागे घे, मग चहाचं बघू.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. तुझ्या वहीतले मोसमी वाऱ्यांचे बाण उलटे काढलेले असायचे, ते लाल शाईने सुलटे केले. काल वाटलं, बाणच तेवढे सुलटे झाले, पोरगा तसाच राहिला.

सभेचंच घेऊ. धडगावच्या वरचा पाडा, नर्मदेकडे उतरणारा. महिना फेब्रुवारी. फेब्रुवारीत त्या पाड्यावर कोण असतं, हे नोकरीला लागण्याआधी तुला ठाऊक होतं. दिवाळी झाली की हातपाय धड असलेला प्रत्येक जण गुजरातेत ऊसतोडीला जातो आणि होळीला परततो. मागे उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली पोरं. तू नेमकी तेव्हा सभा लावलीस, कारण मार्चअखेर जवळ आली आणि खर्च दाखवायचा होता. बरोबर ना? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. सुरुवात होण्याआधीच हजेरीपटावर चौसष्ट अंगठे घेतलेस. अंगठा आधी आणि बोलणं नंतर, हा क्रम त्या लोकांनी सावकाराकडेही पाहिलेला आहे.

मग पडद्यावर आलं पांढरं अस्वल. बर्फावर उभं. सातपुड्यातल्या माणसाने अस्वल पाहिलेलं आहे, पण काळं, मोहाच्या झाडाखाली. पुढे आलेख, आणि पुढे तुझी ती भाषा: अनुकूलन, शमन, क्षमता बांधणी. समोरची माणसं पावरी बोलणारी. तुझे ते शब्द मला कळायलाही दोनदा ऐकावे लागले, आणि मी मराठी माध्यमाचा माणूस.

दीड अंशाने तापमान वाढेल म्हणालास तेव्हा एक बाई फस्सकन हसली. तुला राग आला. अरे, पहाटेपासून दुपारपर्यंत तिच्या अंगणात पंधरा अंश चढतात. तिने तुझ्या दीड अंशाला का घाबरावं? तिला आमचुराच्या भाषेत सांगितलं असतंस तर? आंब्याला मोहोर येतो तेव्हा ढग धरतात, अवकाळी पडतो, मोहोर गळतो. कैरीच्या फोडी वाळत घातल्या की मध्येच शिंतोडा येतो आणि फोड काळी पडते. हे किती वर्षांत किती वेळा झालं, एवढंच विचारायचं होतं. खाली नंदुरबारला पथारीवर लाल मिरची पसरलेली असते, ती अवकाळीत भिजली की व्यापाऱ्याचं तोंड कसं होतं, हे तू लहानपणापासून पाहिलंस. ते सगळं सोडून तू उत्तर ध्रुवावर गेलास.

हे सारं मी पोटात घातलं असतं. नवखा आहेस, शिकशील. पण त्या म्हातारीचं जे केलंस ते नाही.

समुद्राची पातळी वाढण्याची स्लाइड होती. तिने पदर सावरला आणि पावरीत विचारलं, पाणी कुठपर्यंत येणार? शेजारच्या पोराने तुला मराठीत सांगितलं. तू हसलास. ‘आजी, हे धरणाचं नाही, समुद्राचं आहे. समुद्र इथून लांब आहे.’ पोरं हसली, तू पुढची स्लाइड लावलीस, आणि त्यानंतर बायका एकेक करून उठल्या. सरपणाला नाही गेल्या त्या. तुझ्यापासून उठल्या.

गाढवा, सबंध सभेत शहाणा प्रश्न तेवढा एकच होता.

ती बाई तिच्या तरुणपणापासून हा एकच प्रश्न सरकारी माणसाला विचारत आलेली आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी याच अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात लिहिलेलं होतं की आधी पुनर्वसन, मग पाणी. १९९३ च्या पावसाळ्यात त्यांतल्या मणिबेलीत पाणी शिरलं. धरणाची भिंत आधी ऐंशी मीटरवर थांबली. २००० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली तशी नव्वद झाली, २००४ ला एकशेदहा, २००६ ला एकशेबावीसच्या जवळ, आणि शेवटी १३८.६८. दरेक पायरीला कुणीतरी तुझ्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून डोंगर चढला आणि पाणी कुठवर येईल ते सांगून उतरला. काहींना सोमावलला, नर्मदानगरला जमिनी मिळाल्या, काहींच्या फायली टेबलांवर फिरत राहिल्या. काहींचं शेत बुडालं नाही, पण चारी अंगांनी पाणी आलं आणि मधे टापू उरला. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्या माणसांना सरकारी अंदाजाचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तुझ्या नोकरीला सहा वर्षं झाली.

तेव्हाही शहरातली शहाणी माणसं म्हणायची, पाणी येणार सांगितलं तरी हे लोक उठत का नाहीत, धोका कळत नाही का? धोका त्यांना तुमच्याआधी कळला होता. उठून जायचं कुठे, याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. ज्याच्या हातात दुसरी जागा नाही, त्याला नुसतं ‘पळ’ म्हणणं ही धमकी झाली. आता तू जाऊन सांगतोस, पाऊस बदलणार, पिकं बदला. तिला त्यात तीच जुनी नोटीस ऐकू येते. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणारच, आणि इथे तर भांडंही तेच, वाढणाराही तोच.

पॉल स्लोव्हिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उभं आयुष्य यावर घालवलं. १९८७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचा लेख आला, त्याचं सार सांगतो. तज्ज्ञ धोका मोजतो तेव्हा मेलेल्यांचा आकडा मोजतो. साधा माणूस आणखी बरंच काही मोजतो: धोका ओळखीचा की अनोळखी, मी आपणहून पत्करला की माझ्यावर लादला, लगाम माझ्या हातात की परक्याच्या. त्याला तुम्ही अडाणीपणा म्हणता. पुढे १९९३ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट मांडली, की विश्वास मुंगीच्या पावलाने जमतो आणि एका प्रसंगात जातो. मणिबेलीत पाणी शिरलं तेच साल. योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

ओळखीचा आणि अनोळखी धोका म्हणजे काय, ते तुला नवापूरने शिकवायला हवं होतं. २००६ चा फेब्रुवारी. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो आपल्या जिल्ह्यात. पोल्ट्रीवाले म्हणत होते ही मानमोडी आहे, सरकार म्हणत होतं बर्ड फ्लू आहे, आणि अंगभर पांढरे झगे घातलेली माणसं कोंबड्या मारून पुरत होती. तू तेव्हा आठवीत होतास. तुझ्या डब्यातलं अंडं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. देशभर कोंबडीला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्या वर्षी भारतात एकाही माणसाला तो रोग झाला नाही. आणि ऊन? उन्हाने खानदेशात दर वर्षी माणसं पडतात, पण ऊन आपल्या घरचं. त्याला कोण भितो?

आणि अडाणी म्हणायचंच असेल तर खारघरला जा. १६ एप्रिल २०२३, भर दुपार, उघडं मैदान, राज्याचा सर्वोच्च पुरस्कार, लाखोंची गर्दी, व्यासपीठावर देशाचे नि राज्याचे कारभारी. १४ माणसं उष्माघाताने गेली. हवामान खातं होतं, आपत्ती व्यवस्थापन होतं, सगळ्यांच्या खिशात तापमान दाखवणारा फोन होता. तुझ्या त्या म्हातारीला विचार, एप्रिलात भर बारा वाजता ती शेरडंसुद्धा उघड्यावर बांधते का.

आता तुझा दुसरा राग. लोक सरकारी अंदाज ऐकत नाहीत आणि यूट्यूबवरच्या माणसांचं ऐकतात. परवा तुझ्या वडिलांना बाजारात भेटलो. कापसाची लावण कुणाचा व्हिडिओ पाहून केली, ते त्यांनी मला सांगितलं. परभणीच्या पंजाब डखांचा. घरात हवामानावर बोलणारा पगारी मुलगा, आणि बाप विचारतो परभणीला! डखांच्या अंदाजाला शास्त्राचा आधार नाही असं हवामानशास्त्रज्ञ सांगतात, आणि मी शास्त्राच्याच बाजूचा आहे. बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते, तिच्यावरही माझा विश्वास नाही. पण लोक तिकडे का जातात, हे तू कधी तपासलंस? तो माणूस तारीख सांगतो. ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणून थेट बोलतो. हवामान खातं म्हणतं, ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.’

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे काय, ते तू एकदा तरी कुणाला समजावलंस? त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस पडेल, असा त्याचा नेमका अर्थ आहे. म्हणजे चारातल्या तीन गावांत थेंब पडला नाही तरी अंदाज बरोबर. खातं खरं बोललं, आणि तीन गावं म्हणाली खोटं बोललं. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. मधे उभं राहून हे उलगडणारा माणूस हवा होता, तो तू. २०१७ साली बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातले शेतकरी पोलिस ठाण्यात गेले आणि त्यांनी हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली, की बियाणं नि औषधं विकणाऱ्यांशी संगनमत करून आम्हाला चुकीचा अंदाज दिला. तू तेव्हा हसला असशील. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पेरणी वाया गेली की बियाणं, खत, मजुरी शेतकऱ्याची जाते. अंदाज चुकला म्हणून कुणाचा एक दिवसाचा पगार कापलेला मी ऐकला नाही. २०२४ मध्ये तर देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद करण्याचा आदेश निघाला. गावाच्या भाषेत अंदाज समजावणारी होती तीच.

थांब, मधे बोलू नकोस. ‘पण सर, सरकारने अभ्यास केलाय’ असंच म्हणणार होतास ना? केलाय. वाचलास? टेरी या संस्थेने राज्यासाठी २०१४ मध्ये अभ्यास केला. हवामान बदलाची झळ सोसण्यात महाराष्ट्रातला सर्वांत दुबळा जिल्हा कोणता? नंदुरबार. सर्वांत सावरलेला सातारा. आणि नीट समजून घे, नंदुरबारवर आभाळ जास्त कोपणार आहे एवढाच त्याचा अर्थ नाही. फटका बसल्यावर उठून उभं राहायला लागतं ते, म्हणजे सिंचन, रस्ता, दवाखाना, शिक्षण, गाठीचा पैसा, ते इथे सर्वांत कमी आहे. दुबळेपणा आभाळात कमी आणि तहसीलच्या कपाटात जास्त. मग २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या पैशाने हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा मोठा प्रकल्प आला, नानाजी देशमुख कृषी संजीवनी. पहिल्या टप्प्यात मराठवाडा घेतला, विदर्भ घेतला, शेजारचा जळगाव घेतला. नंदुरबारचं नाव यादीत नव्हतं. कारणं असतील, मराठवाड्याचं दुःखही खोटं नाही. पण ज्याला धोक्यात पहिला नंबर दिला, त्याला पंगतीत पान मांडलं नाही, हे तुझ्या स्लाइडमध्ये कुठे होतं?

पीक विम्याचं सांगतो, मग सोडतो. २०२५ मध्ये नियम बदलण्याआधी गारपीट झाली, ढगफुटी झाली, तर नुकसानीची खबर बहात्तर तासांच्या आत द्यावी लागायची. तीही बहुधा मोबाइलवरून. काल तुझा फोन त्या पाड्यावर किती वेळ लागत होता? तू स्वतः जीपच्या टपावर चढून रेंज शोधत होतास! आणि पाऊस मोजणारं यंत्र महसूल मंडळात एक, बहुधा सपाटीला. डोंगरात या टेकडीवर धो धो आणि पलीकडच्या टेकडीवर कोरडं, हे तुझ्या नकाशात दिसत नाही. वरचं शेत वाहून जातं आणि खालचं यंत्र सांगतं, पाऊस बेताचा झाला. मग त्या माणसाने यंत्रावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर?

तू म्हणालास त्यांना उपाय कळत नाहीत. त्यांच्या शेतात कधी उतरलास? एकाच तुकड्यात ज्वारी, मका, तूर, उडीद, उतारावर भगर. पाऊस लवकर गेला तर भगर हाती लागते, लांबला तर तूर. सगळं एकदम जात नाही. खाली शहाद्याला शिकलेला शेतकरी कर्ज काढून दहा एकर नुसती पपई लावतो, आणि एक थंडीची लाट नाहीतर एक विषाणू त्याला झोपवतो. त्याला तू प्रगतिशील म्हणतोस, सत्कार करतोस. मी पपईच्या विरुद्ध नाही, माझ्या भावाचीही आहे. पण धोका कुणी ओळखला आणि कुणी डोळ्याआड केला, हे शेतं बघून ठरव, इस्त्री बघून नको. आणि उसाच्या फडावर जाणं? पाऊस फसला तर घर चालावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या काढलेली ती वाट आहे. वाईट वाट आहे, पोरांची शाळा बुडते, बाया फडात बाळंत होतात. पण तुझ्या खात्याने दुसरी दाखवलेली नाही.

माझंही ऐक, म्हणजे म्हातारा नुसता दुसऱ्याला बोलतो असं व्हायला नको. नोकरीच्या सुरुवातीला एका पाड्यावरचा पोरगा वर्गात उठून म्हणाला, गुरुजी, टिटवीने यंदा अंडी उंचावर घातलीत, पाऊस जोरात होईल. मी सगळ्या वर्गासमोर हसलो. ‘टिटवी काय हवामान खात्यात आहे का?’ वर्ग हसला. टिटवीचं खरं की खोटं, तो वेगळा प्रश्न. तपासता आलं असतं, पाच वर्षं नोंद ठेवली असती तर. पण त्या पोराने दहावीपर्यंत माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. मी मोसमी वारे शिकवले, त्याने घोकले, पेपरात लिहिले, मार्क मिळवले, आणि त्यातलं अक्षर खरं मानलं नाही. काल तू हसलास तेव्हा मला तो पोरगा दिसला. म्हणून एवढा चिडलोय.

विश्वास बसतच नाही असंही नाही. पलीकडे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड डोंगर राखला. शेकडो हेक्टर जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. नियम गावाचे, दंड गावाचा, राखणही गावाची. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि करोनात? दुसऱ्या लाटेत मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा आपल्या जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट आधीच उभे होते, कारण तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी लाट ओसरलेली असताना पुढच्या लाटेची तयारी केली होती. सामोड्याच्या भिल्ल घरातला मुलगा तो, धोका त्याला काय पुस्तकातून कळला होता? तरी लस आली तेव्हा पाड्यांवर माणसं कचरलीच. ती वळली ती आशाताईंमुळे, शाळामास्तरांमुळे, घरी येऊन त्यांच्या बोलीत बोलणाऱ्यांमुळे. पडद्यामुळे वळलेला एकही मला माहीत नाही.

आता गृहपाठ. लिहून घे, कागदावर.

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरेल, फडावरची माणसं परत येतील. तेव्हा जा. प्रोजेक्टर नेऊ नकोस, हजेरीपट नेऊ नकोस. पुजाऱ्याला आधी भेट, मग सरपंचाला. कुठली विहीर आता कुठल्या महिन्यात आटते आणि त्यांच्या लहानपणी कधी आटायची, एवढंच विचार आणि ऐक. एक शंभर पानी वही कर. डाव्या पानावर तू सांगितलेला प्रत्येक अंदाज तारखेसह लिही, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. दर महिन्याला पाड्यावर बसून ती वाचून दाखव, चुकलेलं आधी वाच. लोक शिव्या देतील, त्या खा. नुकसानीची खबर फोनवरून लागत नसेल तर ती कागदावर घेऊन खाली आणायचं काम तुझं. नियमात बसत नाही म्हणशील, तर बसवून घे, साहेबांशी भांड. माझ्याशी दहावीत एका मार्कासाठी भांडला होतास, ते अजून लक्षात आहे माझ्या.

आणि वहीच्या पहिल्या पानावर म्हातारीचा प्रश्न लिही. तिच्याच शब्दांत, पावरीत. येत नसेल तर तिलाच विचार.

काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.

हं. आत ये. चहा निवला असेल, पुन्हा ठेवायला सांगतो.